जावई विलायतेचा, पत्ता कोकणातला: व्हिसापासून नागरिकत्वापर्यंतची वाट

गोव्यात ओळख झाली असेल, बोटीवर नोकरी करताना झाली असेल, नाहीतर पुण्याला शिकताना. लग्न होऊन दोघांनी दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ला अशा कुठल्यातरी गावात राहायचं ठरवलं की घरातलं आणि वाडीतलं प्रत्येक माणूस एकच विचारतं, "मग ह्याला आता आपलं नागरिकत्व कधी मिळणार?"

घाई करू नका. नागरिकत्वापर्यंत पोचायला कायद्यानेच सात वर्षं लागतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ते शेवटी लागतही नाही. लागते ती पहिल्या दिवसापासून एकसंध राहणारी फाइल. नाव तेच, पत्ता तोच, मुक्कामात न कळणारी भोकं नाहीत. आपल्या कोकणातली घरं, जमिनी आणि नावं जशी असतात, त्यामुळे हे ऐकायला वाटतं तितकं सोपं नाही.

माझा नवरा मूळचा ब्रिटिश, आम्ही राहतो सिंधुदुर्गात. एक्स व्हिसा (भारतीयाच्या जोडीदाराला मिळणारा एन्ट्री व्हिसा), ओसीआय ('ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड; ह्यावर इथे कायम राहता येतं, पण ते नागरिकत्व नव्हे), नागरिकत्व असं सगळं करून झालं आहे. खाली जे लिहिलं आहे ते परदेशी नवरा आणि परदेशी बायको दोघांनाही लागू आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात लग्नाच्या आधारावरची ही सोय आधी फक्त बायकांना होती. १९८६ च्या दुरुस्तीनंतर ती नवऱ्यांनाही मिळाली. तेव्हा "जावयाला नसतं असं काही" म्हणणाऱ्या काकांकडे लक्ष देऊ नका.

एक सूचना आधीच देते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आणि १९४६ चा परदेशी नागरिक कायदा व १९३९ चा नोंदणी कायदा गेले. जुने सल्ले वाचताना ही तारीख लक्षात ठेवा. नागरिकत्वाचा कायदा मात्र १९५५ चाच आहे.

१. लग्नाची पक्की नोंद

देवळात लग्न लागलं, देवाला गाऱ्हाणं घातलं, गावजेवण झालं. फार छान. पण व्हिसाच्या टेबलावर त्याला किंमत नाही. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायला दोघंही हिंदू असावे लागतात. म्हणून जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल तर सरळ विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करा. सोहळा आधी-नंतर कसाही करा, कोणी अडवत नाही.

रीत अशी आहे. दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला हवा. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ३० दिवस लागते. हरकत आली नाही तर नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न. परदेशी जोडीदाराकडून तो अविवाहित असल्याचा, म्हणजे लग्नाला अडथळा नसल्याचा, त्याच्या देशाचा किंवा दूतावासाचा दाखला मागतात. घटस्फोटित असेल तर घटस्फोटाचा निकाल. हे कागद त्यानं येतानाच आणावेत. नाहीतर नोटिशीची मुदत एकीकडे संपत जाते आणि पोस्टाची वाट दुसरीकडे बघावी लागते.

लग्न परदेशात झालं असेल तर तिथल्या दाखल्यावर तिथेच अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का, करून घ्या. इथे आल्यावर ते होत नाही.

आता नावाचं. विवाह प्रमाणपत्रावर परदेशी जोडीदाराचं नाव पासपोर्टवर आहे तस्संच हवं, मधल्या नावासकट. आपल्याकडे सुनेचं नाव बदलायची हौस असते. मांडवात काय ठेवायचं ते ठेवा, कागदावर बदलू नका. बदलायचंच असेल तर आधी तिच्या देशात बदलून नवा पासपोर्ट घ्या आणि मग इथे लिहा. देवनागरीतलं स्पेलिंगसुद्धा एकदाच ठरवून कागदावर लिहून ठेवा. एका दाखल्यावर 'कॅथरीन', दुसऱ्यावर 'कॅथेरिन' झालं की ते एकच माणूस असल्याचं प्रतिज्ञापत्र पुढची सात वर्षं करत बसाल.

२. पत्त्याचा पुरावा (इथेच कोकण अडतं)

शहरात भाडेकरार आणि लाइटबिल दिलं की झालं. आपल्याकडे घर पणजोबांनी बांधलेलं, घरपट्टी आजोबांच्या नावाने, लाइटबिल मुंबईच्या काकांच्या नावाने आणि राहतो आपण. सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली निम्मी माणसं हयात नाहीत. परदेशी नागरिकांच्या नोंदणीत मात्र "हा माणूस कोणाच्या घरात, कोणत्या हक्काने राहतो" हे दाखवावंच लागतं.

लग्न ठरल्या दिवसापासून ह्या मागे लागा:

ग्रामपंचायतीच्या मालमत्ता नोंदीचा, म्हणजे नमुना ८ चा उतारा काढा आणि घर कोणाच्या नावावर आहे ते डोळ्यांनी बघा. मयत व्यक्तीचं नाव असेल तर वारस नोंद लावून घ्या. ह्याला वेळ लागतो आणि एखादा चुलता नक्की विचारतो, "आत्ताच कशाला?" त्याला चहा पाजून खरं कारण सांगा. हिश्शाचा विषय नाही हे कळलं की सही मिळते.

भारतीय जोडीदाराचा आधार, पासपोर्ट आणि शक्य तर लाइटबिल ह्याच पत्त्यावर आणा. घर सामाईक असेल तर ज्याच्या नावावर नोंद आहे त्याचं 'हे दांपत्य माझ्या संमतीने इथे राहतं' असं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि त्याचं ओळखपत्र लावा. घर नंबर, वाडी, गाव, पोस्ट, तालुका हा क्रम आणि त्यातला प्रत्येक शब्द सगळीकडे सारखा हवा. 'मधलीवाडी' आणि 'मधली वाडी' ह्यावरून परत आलेला कागद मी पाहिला आहे.

भारतीय जोडीदाराकडे पासपोर्ट नसेल तर आत्ताच काढा. पुढे प्रत्येक टप्प्यावर तुमच्या भारतीय असण्याचा तोच सर्वांत बिनतक्रार चालणारा पुरावा.

३. एक्स-२ व्हिसा

इंग्लंडात ज्याला सेटलमेंट व्हिसा म्हणतात, त्या नावाचं आपल्याकडे काही नाही. ते काम एन्ट्री व्हिसा करतो. भारतीय नागरिकाच्या जोडीदारासाठी त्याचा एक्स-२ हा प्रकार आहे. जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत मिळतो, नंतर वाढवता येतो. लग्नाचा दाखला, भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट, इथला पत्ता हे मुख्य कागद.

सर्वांत सुटसुटीत मार्ग म्हणजे जोडीदाराने आपल्या देशातल्या भारतीय वकिलातीतून एक्स-२ घेऊनच यावं. साध्या व्हिसावर इथे असताना लग्न झालं तर इथल्या इथे एक्समध्ये बदल मागता येतो. पण ई-व्हिसाच्या अटींतच तो वाढत नाही आणि बदलत नाही असं लिहिलेलं असतं. त्यामुळे ई-टुरिस्टवर येऊन "बघू इथे गेल्यावर" म्हणणाऱ्यांना माझा सल्ला: लग्न करा, परत जा, एक्स घेऊन या. विमानाचं तिकीट जाईल, पण मन:शांती राहील.

नेपाळी नागरिकांना व्हिसा लागत नाही. रत्नागिरी-देवगडच्या आंबा बागांमध्ये आणि बंदरांवर कामाला आलेल्या नेपाळी मंडळींची इथे लग्नं झालेली आहेत. त्यांनी हा आणि पुढचा टप्पा सोडून द्यावा. पण सात वर्षांच्या मुक्कामाचा पुरावा त्यांनाही द्यावाच लागतो आणि पासपोर्टवर शिक्के नसल्यामुळे तो गोळा करणं उलट कठीण. भाडेपावत्या, मुलांच्या शाळेचे दाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे केसपेपर, सगळं ठेवा.

४. चौदा दिवसांत नोंदणी

व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर पोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. हे एफआरआरओच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या, ई-एफआरआरओ पोर्टलवर ऑनलाइन होतं. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालतं, म्हणजे आमच्याकडे ओरोसला, सिंधुदुर्गनगरीत. गोव्यातल्या मोपाच्या विमानतळावर उतरलात, सासुरवाडी पेडण्याला आहे, तरी राहायचा पत्ता महाराष्ट्रातला असेल तर नोंदणीही महाराष्ट्रातल्याच जिल्ह्याची.

पोर्टलवर कागद चढवायचे तर ते पावसाळ्यात ठेवू नका. जून-जुलैत लाइट आणि नेट दोन्ही कधी जाईल त्याचा नेम नाही आणि अर्ध्यात तुटलेला अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागतो. मुदतवाढीची तारीख पावसात येत असेल तर अर्जाची तयारी मे महिन्यात उरकून ठेवा.

व्हिसाची मुदत एक दिवसही ओलांडू देऊ नका. दंड भरून सुटता येतं असं लोक सांगतात, पण खरा धोका वेगळा आहे. वैध कागदांवर आलेला माणूस मुदतीनंतर राहिला तर नागरिकत्व कायद्याच्या व्याख्येत तो 'बेकायदा स्थलांतरित' ठरतो, आणि बेकायदा स्थलांतरिताला लग्नाच्या आधारावर नागरिकत्वाची नोंदणी मिळत नाही. आणखी गंभीर गोष्ट मुलांची. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळायला एक पालक भारतीय आणि दुसरा पालक जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसलेला असावा लागतो. बाळंतपणाच्या धावपळीत आईचा व्हिसा संपला तर त्याची झळ बाळाला लागते. गरोदरपणात पहिली तपासणी कराल त्याच आठवड्यात व्हिसाची तारीखही तपासा.

पासपोर्ट नवा झाला, पत्ता बदलला, तर तेही ह्याच पोर्टलवर कळवायचं.

५. मधल्या वर्षांतले खड्डे

फाइल बिघडते ती ह्या काळात, आणि बहुतेकदा कुणाच्या तरी प्रेमापोटी.

*मतदार यादी.* आमच्या गावातल्या एका पुढाऱ्याने फार आपुलकीने म्हटलं होतं, "आता तो आमचोच झालो मा, यादीत नाव घालूक काय हरकत आसा?" हरकत मोठी आहे. मतदार भारतीय नागरिकच असावा लागतो आणि खोटं निवेदन करून नाव घालणं हा गुन्हा आहे. परदेशी जोडीदाराचं नाव कोणीही, कितीही चांगल्या मनाने घालायला आलं, तर ठाम नाही म्हणा. पुढे नागरिकत्वाच्या चौकशीत ते नाव सापडलं तर "मी नव्हतं सांगितलं" ह्याला अर्थ उरत नाही.

*आधार.* हे मात्र मिळतं. गेल्या १२ महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी नागरिकाला आधार काढता येतं, व्हिसाच्या मुदतीपुरतं. ओसीआय धारकाला आणि नेपाळी नागरिकाला ते दहा वर्षांचं. आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, हे सेतू केंद्रातल्या पोराला माहीत असेलच असं नाही. अर्ज भरताना 'परदेशी रहिवासी' हाच प्रकार निवडला आहे ना, ते स्वतः बघा.

*काम.* एक्स व्हिसावर नोकरी-धंदा करता येत नाही. आपल्याकडे ह्याचा अर्थ होमस्टे. घराच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या आणि परदेशी सून गल्ल्यावर बसणार, असं चित्र सगळ्यांना आवडतं. पण परवाना, बँक खातं, जीएसटी सगळं भारतीय जोडीदाराच्या नावावर ठेवा. मदत करणं वेगळं आणि धंदा चालवणं वेगळं, आणि ही रेघ फलकावरच्या नावावरूनही ठरू शकते. ओसीआय झालं की ही अडचण संपते.

*परदेशी पाहुणे.* सासू-सासरे लंडनहून आले, त्यांच्या देशाची मित्रमंडळी आली, तर ज्याच्या घरी उतरले त्याने २४ तासांत ऑनलाइन कळवायचं असतं. हॉटेलवाले त्याला सी फॉर्म म्हणतात. घरगुती पाहुण्यांसाठी हे नसतं असा समज आहे, तो चुकीचा आहे.

*जमीन.* "आंब्याची कलमं सुनेच्या नावावर करतो" असं सासरे म्हणाले तर त्यांचे पाय धरा, पण नाही म्हणा. ओसीआय कार्ड हातात असलं तरी शेतजमीन, बागायत आणि फार्महाउस विकत घेता येत नाही.

६. दोन वर्षांनी ओसीआय

लग्नाची नोंद होऊन आणि लग्न सलग टिकून दोन वर्षं झाली की परदेशी जोडीदाराला ओसीआयचा अर्ज करता येतो. दोन वर्षं मोजतात ती अर्जाच्या लगेच आधीची, म्हणून नोंदणी उशिरा केलेल्यांचं घड्याळही उशिरा सुरू होतं. स्वतः अर्जदार, त्याचे आईवडील, आजी-आजोबा, पणजोबा-पणजी ह्यांपैकी कोणीही कधी पाकिस्तानचे किंवा बांगलादेशचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही.

अर्ज ऑनलाइन, भारतात केला तर शुल्क १५,००० रुपये. टुरिस्ट व्हिसावर राहून इथून अर्ज करायला जाऊ नका. आपल्या फाइली मुंबईच्या एफआरआरओकडे जातात. जोडीदाराच्या ओसीआयला सुरक्षा चौकशी सक्तीची आहे, त्यामुळे ती वेळ खाते. दोघांना बोलावून प्रश्नही विचारतात. लग्नाचे फोटो, एकत्र प्रवासाची तिकिटं, जोडखातं, लग्न टिकून असल्याचं दोघांचं प्रतिज्ञापत्र, हे बरोबर असू द्या. प्रश्न साधे असतात. माझ्या नवऱ्याला घरात कोण कोण आहे विचारलं, तेव्हा त्याने कुत्र्यापासून सुरुवात केली. साहेब हसले, पण पुढचे प्रश्न गंभीरपणेच विचारले.

कार्ड आलं की व्हिसाची मुदतवाढ नाही, नोंदणी नाही, नोकरी करता येते. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रसार आणि गिर्यारोहण ह्यांना मात्र वेगळी परवानगी लागते. लग्नाच्या आधारावर ओसीआय मिळालेल्यांनी आणखी एक जपायचं. दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांच्या आत पासपोर्ट, फोटो आणि लग्न अजून टिकून असल्याचं प्रतिज्ञापत्र पोर्टलवर चढवायचं. आणि घटस्फोट झाला तर हे कार्ड रद्द होऊ शकतं. हे लग्नाच्या उत्साहात कोणी सांगत नाही.

७. इथे थांबून विचार करा

माझं स्पष्ट मत: दहांतल्या आठ जोडप्यांनी ओसीआयवरच थांबावं. भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही. नागरिक व्हायचं म्हणजे जुना पासपोर्ट कायमचा सोडायचा. मग आजारी आईला बघायला स्वतःच्या गावी जायचं तरी व्हिसाची रांग. तुमच्या जोडीदाराचे आईवडील म्हातारे असतील तर ह्या एका कारणासाठी मी थांबायला सांगेन.

मग घ्यायचं कोणी? ज्याला मतदान करायचं आहे, ग्रामपंचायतीला उभं राहायचं आहे, सरकारी नोकरी हवी आहे, किंवा ज्याला लग्नावर टांगलेला दर्जा नको आहे. माझ्या नवऱ्याला मतदान करायचं होतं. सगळ्या निवडणुकांत बाहेर ओट्यावर बसून भाष्य करायचं आणि बोटाला शाई नाही, ह्याचा त्याला कंटाळा आला होता.

८. नागरिकत्वाचा अर्ज: दोन वाटा

पहिली वाट कलम ५(१)(क), इंग्रजीत सी. भारतीयाशी लग्न आणि सात वर्षांचं वास्तव्य. त्याचा हिशेब असा: अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याच्या आधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं भारतात. अर्ज नमुना ३.

दुसरी वाट कलम ५(१)(जी). ओसीआय धारक म्हणून पाच वर्षं पूर्ण, आणि अर्जाच्या आधीचे १२ महिने भारतात. अर्ज नमुना ७.

फरक समजून घ्या. पहिल्या वाटेत एकूण मुक्काम मोजतात, दुसऱ्या वाटेत पाच वर्षं कार्ड धरलेलं असणं मोजतात. भारतीय जोडीदार मर्चंट नेव्हीत आहे आणि दोघं वर्षातले पुष्कळ महिने बाहेर असतात, अशा घरांना दुसरी वाट बरी. जे गावातून हललेच नाहीत त्यांना पहिली. दोन्हीत शेवटचे १२ महिने सलग असावे लागतात. खास कारण असेल तर केंद्र सरकार त्यात जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकतं, तुकड्यातुकड्यांतही. पण ती सवलत आहे, हक्क नव्हे. ती नाताळच्या सुट्टीत खर्च करू नका, माहेरच्या आजारपणासाठी राखून ठेवा.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक वही करा. बाहेर गेल्याची तारीख, परत आल्याची तारीख, विमानतळ, शिक्का असलेल्या पासपोर्टच्या पानाचा नंबर. जुने रद्द झालेले पासपोर्ट फेकू नका.

अर्ज गृह मंत्रालयाच्या नागरिकत्व पोर्टलवर भरून, त्याची प्रत कागदांसह जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. फाइलमध्ये हे लागतं:

- चालू परदेशी पासपोर्ट आणि जुने सगळे
- निवास परवाना किंवा ओसीआय कार्ड
- विवाह प्रमाणपत्र
- जोडीदाराच्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावा, म्हणजे पासपोर्ट किंवा जन्मदाखला
- अर्जदाराचा जन्मदाखला, अपॉस्टिल केलेला
- अर्जातला मजकूर खरा असल्याचं अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र
- चारित्र्याबद्दल दोन भारतीय नागरिकांची प्रतिज्ञापत्रं
- शुल्काचं चलन
- ये-जा केलेल्या तारखांचा तक्ता

चारित्र्याची प्रतिज्ञापत्रं नातेवाइकांची घेऊ नका. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, पोस्टमास्तर अशी माणसं शोधा, जी चौकशीला पोलीस आले तर घरी सापडतील. मुंबईला राहणारा आणि फक्त चतुर्थीला गावी येणारा माणूस कितीही प्रतिष्ठित असला तरी इथे उपयोगाचा नाही.

भाषेची एक शंका नेहमी विचारतात. आठव्या अनुसूचीतल्या भाषेचं ज्ञान हवं, ही अट नागरिकीकरणाच्या (नॅचरलायझेशन, म्हणजे बरीच वर्षं राहिल्याच्या आधारावर नागरिक होण्याच्या) वेगळ्या मार्गाला आहे. लग्नाच्या किंवा ओसीआयच्या आधारावरच्या नागरिकत्वाच्या नोंदणीला नाही. तरी मराठी येऊ द्या. पुढच्याच टप्प्यात कळेल का.

९. चौकशी

फाइल जिल्हाधिकारी कार्यालयातून पोलिसांकडे जाते. जिल्हा विशेष शाखेचा माणूस, गावचे पोलीस पाटील, बीट अंमलदार, कधी गुप्तचर विभागाचा अधिकारी. शेजारी विचारपूस होते. सगळं मराठीत होतं आणि जोडीदार चार वाक्यं मराठीत बोलला की वातावरण सैल होतं.

वाडीला आधी सांगून ठेवा की चौकशीला येतील. नाहीतर दारात पोलीस बघून शेजारी घाबरतात आणि घाबरून उलटसुलट सांगतात. "ते इथे नसतात, जास्त करून गोव्यालाच असतात" हे शेजारणीचं निरागस वाक्य मुक्कामाच्या हिशेबात भोक पाडू शकतं.

नियमांत जिल्हाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत अहवाल राज्य सरकारकडे आणि राज्याने ३० दिवसांत केंद्राकडे पाठवायचा असतो. व्यवहारात जास्त लागतात. फाइल कुठे आहे ते पोर्टलवर बघा आणि महिन्यातून एकदा संबंधित शाखेत जाऊन नम्रपणे विचारा. रोज फोन केल्याने काही हलत नाही. ओळख काढून देतो म्हणणारे एजंट ओरोसपासून मंत्रालयापर्यंत भेटतील. त्यांना पैसे देऊ नका. त्यांच्या हातात काही नसतं आणि फाइल मात्र त्यांच्या हातातून जाते.

१०. जुनं नागरिकत्व सोडणं

केंद्र सरकारने अर्ज मान्य केला की आधी स्वीकृतीचं पत्र येतं. त्यात जुनं नागरिकत्व सोडल्याचा पुरावा मागतात. हे पत्र हातात येण्याआधी काहीही सोडू नका. उतावीळपणे आधी सोडून बसलं तर ना तिकडचे ना इकडचे.

प्रत्येक देशाची पद्धत निराळी. ब्रिटिशांना आरएन नावाचा अर्ज करावा लागतो, तो नोंदवला गेला की नागरिकत्व सुटतं. त्यात एक कलम कामाचं आहे: नोंदीनंतर सहा महिन्यांत दुसरं नागरिकत्व मिळालं नाही तर सोडणं झालंच नाही असं धरलं जातं. ही सुरक्षेची जाळी आहे, पण भारताच्या बाजूने उशीर झाला तर तीच गोत्यात आणते. म्हणून सुटल्याचं पत्र मिळताच ते त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोर्टलवर द्या. दुसरं नागरिकत्व घेण्यासाठी सोडलेलं ब्रिटिश नागरिकत्व आयुष्यात एकदा परत मागायचा हक्कही त्यांच्या कायद्यात आहे. हे सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना बरं वाटलं.

जर्मनीने २७ जून २०२४ पासून आपल्या नागरिकांना दुसरं नागरिकत्व घ्यायला मोकळीक दिली. त्यावरून काही जर्मन जोडीदारांना वाटतं की आता दोन्ही ठेवता येतील. येत नाहीत, कारण अट आपल्याकडची आहे.

पेन्शनची भीती बाळगू नका. ब्रिटिश सरकारी पेन्शन तिथे भरलेल्या वर्गणीवर अवलंबून असते, पासपोर्टवर नाही. भारतात राहणाऱ्याची ती पेन्शन दरवर्षी वाढत नाही, पण ते राहण्याच्या देशामुळे, आणि ब्रिटिश राहूनही तसंच होतं.

जुनं सुटलं आणि नवं अजून हातात नाही, त्या मधल्या काळात परदेश प्रवास शक्य नाही. घरातलं लग्नकार्य, म्हाताऱ्यांची तब्येत बघून हा काळ निवडा.

११. शपथ आणि त्यानंतरची कामं

संविधानाशी निष्ठेची शपथ घेतल्याशिवाय नोंदणी होत नाही. शपथ झाली, प्रमाणपत्र मिळालं, की त्याच्या साक्षांकित प्रती काढा आणि मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये टाका. कोकणातल्या दमट हवेत कपाटातला कागद चार पावसाळ्यांत पिवळा पडतो.

मग ह्या क्रमाने: ओसीआय कार्ड परत करा. आधारमधला परदेशी रहिवासी हा दर्जा बदला. भारतीय पासपोर्टचा अर्ज करा. पॅन आणि बँकेत नागरिकत्व बदलल्याचं कळवा. मतदार यादीसाठी नमुना ६ भरा, त्याला नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. इतकी वर्षं थोपवून धरलेल्या पुढाऱ्यांना आता बोलवायला हरकत नाही.

आणि सासऱ्यांची ती कलमं? नागरिक झाल्यावर परदेशी असण्याची आडकाठी गेली, पण महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो, तो तुम्हाआम्हाला लागतो तसाच ह्यालाही. खरेदीचा विचार असेल तर आधी तलाठ्याकडे आणि जमिनीचं काम करणाऱ्या वकिलाकडे जाऊन या.